ठरलेल्या जागेचं गाणं

नाशिककर रसिकाची लावणीशी गाठ पडते ती बहुधा कालिदास कलामंदिरात, एखाद्या गावच्या जत्रेत, नाहीतर टीव्हीवर. पुणे रस्त्यानं गेलं तर पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या दिसतात. आसपासच्या गावांचे पुढारी तिथे येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात, हेही आपल्याला ऐकून माहीत असतं. पण लावणीचं आणखी एक घर आहे. ते कुठे फिरत नाही. संध्याकाळ झाली की त्याच जागी, त्याच वाद्यांवर, तीच माणसं गायला बसतात. त्या घराचं नाव संगीत बारी.

फडाचा तमाशा आणि संगीत बारी यांत आपण नेहमी गल्लत करतो. फडाच्या तमाशात गण असतो, गवळण असते, बतावणी असते आणि शेवटी वग. तंबू, ट्रक, पन्नास-शंभर माणसं असा त्याचा संसार. संगीत बारीत वग नाही. तिथे असते ती ‘पार्टी’: एक मालकीण, तिच्या बहिणी, भाच्या, मुली अशा गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, एक ढोलकीवाला, एक तबलजी आणि एक पेटीमास्तर. एका थिएटरात अशा अनेक पार्ट्या मुक्काम करून असतात. प्रत्येकीची खोली वेगळी, चूल वेगळी. पुण्यातलं आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यातलं चौफुला, शिरूर तालुक्यातली सणसवाडी, सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब, अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड ही या थिएटरांची नावाजलेली ठिकाणं. आता त्यांना ‘कला केंद्र’ म्हणतात.

बारी म्हणजे पाळी. आधी रंगमंचावर एकेक पार्टी आपल्या पाळीनं येते, मुजरा करते, दोन-चार गाणी सादर करते आणि दुसरीला जागा करून देते. त्यानंतर ज्याला जी पार्टी आवडली तो तिच्या खोलीत बैठक ठरवतो. समोर चार-सहा माणसं, मध्ये हातभर अंतर. फर्माईश होते, पैसे ठेवले जातात. त्यालाच दौलतजादा म्हणतात. त्यातला वाटा मालकिणीला, गाणारीला, वाजवणाऱ्यांना आणि थिएटरला जातो. याच खोलीत बैठकीची लावणी वाढली.

बैठकीची लावणी बसून गायची असते. पाय दुमडलेले, त्यामुळे नाच नाही. उरतात ते डोळे, भुवया, मान, हाताची बोटं आणि आवाज. ठुमरीशी तिचं जवळचं नातं आहे. गाणारी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर खेपेला तिचा अर्थ बदलते. उदाहरणादाखल ‘इतका उशीर का केला?’ एवढंच वाक्य घ्या. पहिल्यांदा त्यात काळजी असेल, दुसऱ्यांदा राग, तिसऱ्यांदा संशय, चौथ्यांदा थट्टा, आणि मग सगळं विरघळून नुसता आनंद की अखेर आलात तरी! यालाच अदा म्हणतात. ढोलकीवाला तिच्या चेहऱ्याकडे बघत वाजवत असतो. ती थांबली तर तोही थांबतो आणि तिनं भुवई उचलली की थाप देतो. हजार माणसांच्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेतल्याला ही भुवई दिसणार कशी? म्हणून मोठ्या रंगमंचावर लावणी गेली तेव्हा ती उभी राहिली, वेगानं नाचू लागली. त्यात तिचा काही दोष नाही. जागा बदलली की गाणं बदलतं, एवढंच.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. आयर्लंडमधलं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथलं पारंपरिक लोकसंगीत ऐकायचं तर सभागृहात जावं लागत नाही, पबमध्ये जावं लागतं. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी आणि भात्याचे पाइप्स घेऊन मंडळी बसतात. मंच नाही की ध्वनिक्षेपक नाही. एक जण धून उचलतो, ज्यांना येते ते सामील होतात. नवखा कडेला बसून ऐकतो, आणि काही महिन्यांनी हळूच वाद्य बाहेर काढतो. डब्लिनच्या स्मिथफील्ड भागात ‘कॉबलस्टोन’ नावाचा असा एक पब आहे. 2021 मध्ये तिथे हॉटेल बांधण्याची योजना आली, तेव्हा लोक वाद्यं वाजवत रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी नगर परिषदेनं त्या योजनेला परवानगी नाकारली. धुना पुस्तकांत छापलेल्या होत्या, ध्वनिमुद्रिकाही होत्या. तरी लोकांना खोली वाचवावीशी वाटली, कारण शिकणं त्या खोलीत चालतं.

कायद्याची झळही दोन्हीकडे बसली. आयर्लंडमध्ये 1935 च्या कायद्यानं सार्वजनिक नाचगाण्याला परवाना सक्तीचा केला, आणि घराघरांतल्या नाचगाण्याच्या मैफलींवर गदा आली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितल्यावर ती अटींसह उठली, आणि दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणेसाठी समिती नेमली गेली. अश्लीलता गेली पाहिजे, हा हेतू समजण्यासारखा होता. पण पोट त्याच गाण्यावर भरणाऱ्यांनी त्या दिवसांत खायचं काय, हा प्रश्न तेव्हाही कलावंतांनाच सोडवावा लागला.

आणि इथेच आयर्लंडशी असलेलं साम्य संपतं. तिथे टेबलाभोवती बसणाऱ्यांपैकी पुष्कळ जण दिवसा दुसरा व्यवसाय करतात आणि हौसेनं वाजवतात. संगीत बारीतली बाई हौसेनं आलेली नसते. कोल्हाटी, डोंबारी, कळवात अशा समाजांत जन्म झाला म्हणून ती पायात चाळ बांधते. चाळ बांधले की लग्न नाही. तिच्या मिळकतीवर भाऊ, भावजया, त्यांची मुलं जगतात. तिच्या मुलांना बापाचं नाव मिळत नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात 1994 साली हे सगळं उघड केलं, आणि नावात आईचं नाव लावून तिची ओळखही दिली. लावणीचं कौतुक करताना हे पुस्तक विसरून चालणार नाही.

प्रेक्षकही बदलत गेला. मुंबईत लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणी कामगार तमाशाला आणि लावणीला गर्दी करत. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, गर्दी ओसरली आणि पुढे थिएटरही बंद झालं. डान्स बारचा जमाना आला तेव्हा या समाजातल्या अनेक मुली मुंबईला गेल्या. 2005 मध्ये राज्यात डान्स बारवर बंदी आली आणि त्यातल्या काही कला केंद्रांत परतल्या. 2020 च्या टाळेबंदीत केंद्रांनाच कुलुपं लागली. दर वेळी थोडी माणसं कमी झाली, आणि त्यांच्याबरोबर थोडी गाणी.

गाणी कमी होतात ती कशी, हे समजून घेतलं पाहिजे. बारीत जुनी लावणी वहीपेक्षा डोक्यात जास्त असते. मावशी गाते, भाची मागे बसून ऐकते आणि उचलते. ऐकणाऱ्यानं फर्माईश केली तर ती लावणी महिन्यातून चार वेळा गायली जाते. त्यानं नव्या सिनेमातलं गाणंच मागितलं, तर जुनी लावणी वर्षभर ओठांवर येत नाही. मग मावशी जाते, आणि भाचीजवळ मुखडा तेवढा उरतो.

वाईच्या यमुनाबाई वाईकर अशाच परंपरेतल्या. ‘यमुना-हिरा-तारा वाईकर’ या नावानं त्यांची संगीत पार्टी होती. 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या. भूषण कोरगांवकर यांनी ‘संगीत बारी’ हे पुस्तक 2014 मध्ये लिहिलं. त्यावर आधारित कार्यक्रम सावित्री मेधातुल यांच्यासह त्यांनी रंगमंचावर आणला आणि शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या कलावंतांची बसून केलेली अदा शहरी प्रेक्षकांनी जवळून पाहिली. गाणारीशी मानानं वागणारा आणि जुनं मागणारा श्रोता मिळाला की ही लावणी आजही फुलते, हे त्यातून दिसलं.

आपल्या सिन्नर तालुक्यातल्या वावीचा परशराम हा पेशवाईतल्या मोठ्या शाहिरांपैकी एक. म्हणजे लावणीचा वारसा नाशिक जिल्ह्याला नवा नाही. तेव्हा यापुढे लावणीच्या कार्यक्रमाला जाल, तर एक बैठकीची लावणी जरूर मागा. शिट्टी थोडा वेळ राहू द्या आणि गाणारीच्या डोळ्यांकडे बघा. कलावंत आपलं काम करतोच आहे. फर्माईश करणं हे ऐकणाऱ्याचं काम, आणि त्याची पाळी आता आपली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)