सुरक्षेची हद्द : येळ्ळूर ते कॉलेज

महाविद्यालयाच्या आवारातील सुरक्षा म्हटली की गेट, वॉचमन आणि सीसीटीव्ही एवढेच डोळ्यांपुढे येते. नियमांच्या भाषेत मात्र 'आवार' ही याहून पुष्कळ मोठी जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजेच यूजीसीच्या, लैंगिक छळ प्रतिबंधक विनियम 2015 मध्ये वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, कॅन्टीन, स्वच्छतागृह आणि पार्किंग हे आवारात धरलेच आहे. शैक्षणिक सहल, इंटर्नशिप, शिबिर, क्रीडास्पर्धा, महोत्सव अशा निमित्ताने विद्यार्थी म्हणून जिथे जावे लागते ती जागाही त्यात येते. महाविद्यालयाने ने-आण करण्यासाठी दिलेले वाहनही आवारच. कॉलेजच्या बसमध्ये घडलेला प्रकार 'गेटबाहेरचा' म्हणून झटकता येत नाही.

येळ्ळूरसारख्या गावातून पाहिले की या व्याख्येचे मोल कळते, आणि तिची उणीवही. राजहंसगडाच्या परिसरातल्या या गावाची शालेय शिक्षणाची भाषा मराठी आहे. दहावीनंतर मात्र मुलांची पावले बेळगावकडे वळतात. कुणी टिळकवाडीतल्या कॉलेजांत जाते, कुणी उद्यमबागेतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, कुणी मच्छे येथील विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात. सकाळी वडगावमार्गे शहरात जाणारी बस आणि संध्याकाळी परतीची बस यांच्या मध्ये त्यांचे कॉलेज असते. पण ही बस कॉलेजची नसून वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाची असते, त्यामुळे ती व्याख्येत बसत नाही. 11 जून 2023 पासून 'शक्ती' योजनेखाली कर्नाटकात महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणाला याने मोठा हात दिला, हे निःसंशय. त्याबरोबर गर्दीही वाढली. फुटबोर्डवर एक पाय, खांद्याला सॅक आणि हाताला दांडी अशा अवस्थेत प्रवास करणाऱ्या मुलाच्या सुरक्षेचे धोरण कोणत्याच कॉलेजच्या फायलीत नाही. तासिकांचे वेळापत्रक बसच्या वेळा पाहून आखणे आणि हिवाळ्यात शेवटचे प्रात्यक्षिक अंधार पडण्याआधी संपवणे या गोष्टींना काही खर्च येत नाही. गावातून येणाऱ्या मुलांची यादी करून जादा फेरीसाठी डेपोकडे लेखी मागणी करता येते. हे काम प्राचार्यांनी अंगावर घेतले, तर दहा कॅमेऱ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

सुरक्षेचे नियम कोणत्या विद्यार्थ्याला लागू होतात, ही दुसरी गुंतागुंत. कर्नाटकात अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात. पुष्कळ संस्थांत पीयूसी आणि डिग्रीची मुले एकाच गेटमधून आत जातात. डिग्रीच्या विद्यार्थ्याला यूजीसीचे विनियम लागू असतात. पीयूसीचा सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी कायद्याने बालक असतो, म्हणून त्याच्यावरील लैंगिक अत्याचाराला 2012 चा पॉक्सो कायदा लागतो. अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आपापसात मिटवू, मुलीचे नाव खराब होईल' असे सांगून पालकांना परत पाठवणारा प्रमुख त्यांच्यावर उपकार करत नसतो, तो गुन्हा करत असतो.

रॅगिंगविरोधी नियम या सगळ्यांत जुने आणि सर्वांत तपशीलवार आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या राघवन समितीने 2007 मध्ये अहवाल दिला. मार्च 2009 मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात सीनिअर विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि देश हादरला. त्याच वर्षी यूजीसीचे रॅगिंग प्रतिबंधक विनियम आले. त्यानुसार प्रत्येक संस्थेत संस्थाप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली रॅगिंगविरोधी समिती हवी. तिच्यात पोलीस, महसूल प्रशासन, स्थानिक पत्रकार, स्वयंसेवी संस्था, पालक, प्राध्यापक आणि नवे-जुने विद्यार्थी यांचे प्रतिनिधी असावेत. वसतिगृहांवर अचानक जाऊन पाहणी करण्यासाठी वेगळे पथक असावे. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नव्या विद्यार्थ्यांकडून नाव न घेता माहिती घ्यावी, असेही विनियम सांगतात. प्रत्यक्षात सर्वांत कमी पाळले जाणारे कलम बहुधा हेच असावे, आणि खरी माहिती हाती येण्याचा मार्गही हाच. समितीपुढे नाव सांगायला घाबरणारा मुलगा कोऱ्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहू शकतो.

शिक्षेच्या बाबतीत सीमाभागात एक चमत्कारिक स्थिती आहे. निपाणीचा विद्यार्थी कर्नाटकात शिकला तर 1983 चा कर्नाटक शिक्षण कायदा त्याला लागू होतो. त्यात रॅगिंगला एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तोच विद्यार्थी कागल ओलांडून कोल्हापूरला गेला की 1999 चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा लागतो. तिथे शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय दोषी ठरलेल्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे त्याला दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी महाराष्ट्राचा कायदा संस्थाप्रमुखावर टाकतो. टाळाटाळ करणारा प्रमुख गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो. तक्रार कुठे करायची, याची अडचण मात्र आता उरलेली नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आणि योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. कोल्हापुरात मार खाल्लेल्या मुलाचा बाप निपाणीच्या ठाण्यात फिर्याद देऊ शकतो.

सीमाभागातल्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी यूजीसीच्या रॅगिंग विनियमांतली दुरुस्ती 2016 ची आहे. तिने रॅगिंगची व्याख्या वाढवली. धर्म, जात, वर्ण, लिंग, दिसणे, आर्थिक स्थिती, जन्मस्थान, राहण्याचे ठिकाण, प्रादेशिक मूळ आणि भाषिक ओळख यांवरून कोणत्याही विद्यार्थ्याचा शारीरिक वा मानसिक छळ करणे, त्याला वाळीत टाकणे, हे सगळे आता रॅगिंग आहे. विद्यार्थी पहिल्या वर्षाचाच असला पाहिजे असे नाही. बेळगावात या एका शब्दाचे, 'भाषिक' या शब्दाचे, वजन वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर 2022 च्या अखेरीस शहरातील एका महाविद्यालयाच्या महोत्सवात कन्नड ध्वज फडकवण्यावरून एका विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि प्रकरण रस्त्यावर आले. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगाव तालुक्यात तिकिटावरून झालेल्या भाषिक वादात बसवाहकाला मारहाण झाली. त्यानंतर दोन राज्यांमधली बससेवा काही दिवस थांबली, आणि त्याचा फटका रोज सीमा ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांनाही बसला. 'मराठी आहेस ना, मग तिकडे जा' असे वसतिगृहात ऐकणारी मुलगी आणि कन्नड बोलला म्हणून धक्काबुक्की सोसणारा मुलगा यांना हा नियम सारखेच संरक्षण देतो. तो दोघांनाही माहीत असायला हवा. मोठ्यांच्या भांडणाचा हिशेब वर्गात चुकता होणे ही या भागातल्या शिक्षणाची सर्वांत मोठी हानी आहे.

भाषेचा प्रश्न कागदावरही येतो. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र घेतले जाते. ते एकट्या इंग्रजीत उरकू नये, हिंदीत किंवा अर्जदाराला येणाऱ्या प्रादेशिक भाषेतही असावे, अशी विनियमांचीच भूमिका आहे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाचे आईवडील शेतातली कामे टाकून येतात आणि इंग्रजी कागदावर खूण केलेल्या जागी सही करून जातात. त्यांना मराठी प्रत मागण्याचा आधार विनियमातच आहे. ज्या कागदावर सही केली त्यात काय लिहिले होते, हे कुटुंबाला ठाऊक नसेल तर त्या सहीला काही अर्थ नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक असावी लागते, सदस्यांत किमान निम्म्या महिला आणि एक बाहेरचा सदस्य असावा लागतो. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरची माणसे तिच्यात घेता येत नाहीत, कारण दबाव तिथूनच येऊ शकतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, सबळ कारण असेल तर मुदत वाढते. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी लागते. मुलींना सर्वांत जास्त भीती असते ती अंतर्गत गुणांची. ज्या प्राध्यापकाविरुद्ध बोलायचे त्याच्याच हातात गुण असतात. या भीतीवर नियमात सरळ तोड आहे. चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून त्या व्यक्तीला दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. हे कलम प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्याच आठवड्यात सांगितले पाहिजे.

गेट आणि भिंती यांच्याबद्दल यूजीसीने 2015 मध्ये वेगळ्या मार्गदर्शक सूचना दिल्या. सहज चढता येणार नाही अशी संरक्षक भिंत, मोजकी प्रवेशद्वारे, तिथे महिला सुरक्षारक्षक, ओळखपत्राची तपासणी, बाहेरच्यांसाठी नोंदवही आणि कॅमेरे असा त्यांचा रोख आहे. 18 एप्रिल 2024 रोजी हुबळीत एका महाविद्यालयाच्या आवारातच एमसीएच्या विद्यार्थिनीची भोसकून हत्या झाली. आरोपी तिच्याबरोबर पूर्वी शिकलेला तरुण होता. बेळगावपासून हुबळी शंभरेक किलोमीटर, त्यामुळे इथल्या घराघरांत त्या दिवशी काळजी शिरली. ओळखीचा चेहरा नोंदवहीने अडत नाही, हे त्या घटनेने दाखवले. पाठलाग, सततचे फोन, धमकीचे संदेश हे आधीचे टप्पे असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलाग हाच स्वतंत्र गुन्हा आहे. मुलीने त्या टप्प्यावर सांगितलेले कुणी मनावर घेतले, तर भिंतीची उंची वाढवण्याची वेळ येत नाही. मुलींना लवकर खोल्यांत कोंडणे हा तर उपायच नव्हे. वसतिगृहांच्या अशा वेळबंधनांविरुद्ध 2015 मध्ये दिल्लीच्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' चळवळ उभारली, ती रास्त होती.

सहलींचे प्रकरण बेळगावला फार जवळचे आहे. 15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडून मरण पावले. त्याआधी 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या सहलीतील 14 विद्यार्थी गेले होते. पठारावर वाढलेल्या मुलाला विहीर आणि तळे माहीत असते. ओहोटीला पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढते हे त्याला कुणी सांगितलेले नसते. म्हणून सहलीच्या सूचनांत पालकांची लेखी संमती, मुलींबरोबर महिला प्राध्यापक, जागेची आधी घेतलेली माहिती आणि स्थानिक प्रशासनाला पूर्वसूचना यांवर भर असतो. पालकांनी संमतीपत्रावर सही करण्याआधी कार्यक्रमाची पूर्ण यादी मागावी. औद्योगिक भेटीच्या यादीत समुद्रकिनारा असेल, तर तिथे कोण सोबत असेल, पाण्यात उतरायचे की नाही आणि किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत.

मनाची सुरक्षा या धोरणांत उशिरा आली. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी 15 मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, हे त्यातले एक. खेड्यातून येऊन प्रथमच इंग्रजीत व्याख्याने ऐकणारा, पहिल्याच सत्रात नापास होणारा आणि घरी सांगू न शकणारा मुलगा या समुपदेशकाच्या दारापर्यंत आपण होऊन जात नाही. त्याला वर्गातल्या शिक्षकानेच हेरून तिथवर न्यावे लागते.

येळ्ळूरच्या घराघरांत कॅलेंडरशेजारी पुढचे क्रमांक लिहून ठेवावेत. तातडीच्या मदतीसाठी 112, महिलांसाठी 181, ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 आणि रॅगिंगसाठी 1800-180-5522. मन खचले असेल तर 14416, म्हणजे ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा. ती वीस भाषांत चालते, त्यांत कन्नड आहे आणि मराठीही.