कापसाचा हंगाम आणि रोजचे इन्सुलिन

यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकाराच्या घरात कापसाचा पैसा दिवाळीच्या सुमारास येऊ लागतो आणि उधारी-उसनवारी फेडता फेडता होळीपर्यंत बहुधा संपतो. वर्षातून एकदा येणाऱ्या या मिळकतीवर एक दिवसही न चुकणारा खर्च बसविणे किती कठीण असते, हे ज्या घरात टाइप वन मधुमेहाचे मूल आहे त्या घराला विचारावे. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांनी हा हिशेब अनेक वर्षे मांडला. लेखकाला हा आजार चौदाव्या वर्षी जडला, त्याला आता बत्तीस वर्षे होत आली. तेव्हा या विषयावर लिहिताना तटस्थतेचा दावा करता येणार नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मधुमेह म्हटला की चाळिशी उलटलेला, चहात साखर न घेणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. टाइप वनचे तसे नाही. येथे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि तेही बहुधा बालपणी किंवा ऐन तारुण्यात. पथ्य, व्यायाम, कारल्याचा रस यांनी त्या पेशी परत येत नाहीत. कोणा वैदूच्या सांगण्यावरून इन्सुलिन बंद केले तर मूल थोड्याच दिवसांत दगावू शकते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले, तोवर हा आजार म्हणजे मृत्यूच होता. बँटिंगच्या सहकाऱ्यांनी १९२३ साली पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन तेथील विद्यापीठाला देऊन टाकले. (मक्तेदारी शिकविताना हे उदाहरण मी वर्गात आवर्जून देतो, विद्यार्थ्यांचा त्यावर चटकन विश्वास बसत नाही.) मृत्यू टळला आणि आयुष्य लांबले, पण त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. वीस-पंचवीस वर्षे वाढीव साखर वाहणाऱ्या रक्तवाहिन्यांचे काय होते?

बारीक रक्तवाहिन्या आधी खराब होतात. डोळ्यांचे दृष्टिपटल, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा ही त्यांची मुख्य ठिकाणे. पुढे हृदयालाही धोका संभवतो. विशेष म्हणजे हे सारे निमूटपणे चालते. दृष्टिपटलावर ठिपके उमटले तरी फळ्यावरचे अक्षर स्पष्ट दिसते. लघवीतून प्रथिने जाऊ लागली तरी माणूस धडधाकट हिंडतो. पायांची संवेदना हळूहळू उणावते, आणि पऱ्हाटीचे खुंट टोचून झालेली जखम चिघळल्यानंतरच लक्षात येते. आपल्याकडे शेतात अनवाणी जाणारे किती जण आहेत, हे वाचकांना सांगावयास नको.

ही हानी अटळ आहे काय, याचे उत्तर १९९३ साली मिळाले. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर दहा वर्षे चाललेल्या एका अभ्यासात निम्म्यांना त्या काळची रूढ उपचारपद्धती देण्यात आली, तर उरलेल्यांची साखर वारंवार तपासून ती काटेकोर राखण्यात आली. दुसऱ्या गटात, ज्यांचे डोळे आरंभी निर्दोष होते त्यांच्यात नेत्रविकार उद्भवण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले. नसांचे विकार ६० टक्क्यांनी कमी झाले. या यशाची किंमतही होती. साखर एकाएकी घसरून शुद्ध हरपण्याचे प्रसंग या गटात तिपटीने वाढले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी पहिल्या काही वर्षांत काटेकोर राहिलेल्यांना त्याचा लाभ पुढे दहा वर्षांहून अधिक काळ मिळत राहिला. शरीर जुन्या वर्षांचा हिशेब विसरत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

योगायोग असा की, मला आजार जडला तो याच सुमारास. पण आमच्या घरी तेव्हा ग्लुकोमीटर नव्हता. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून स्टोव्हवर उकळावयाचे आणि रंग पाहावयाचा. निळा राहिला तर ठीक, हिरवा-पिवळा झाला तर सावध, विटकरी झाला तर आई काही न बोलता नळी धुवावयास नेत असे. इन्सुलिनची कुपी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात असे, कारण घरी फ्रिज नव्हता आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जाई. त्या पाच-सात वर्षांत रक्तातील साखर नेमकी किती होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. दरवर्षी डोळ्यांत थेंब घालून दृष्टिपटल तपासून घेतो, त्या दिवशी उत्तरपत्रिका तपासता येत नाहीत. गेल्या वर्षी डाव्या डोळ्यात चार-दोन ठिपके दिसले. ते त्या मडक्याच्या काळातले की नंतरच्या माझ्या हलगर्जीपणाचे, हे ठरविण्याचा मार्ग नाही, आणि मी तो शोधणेही सोडून दिले आहे.

हलगर्जीपणा हा शब्द मी जाणून वापरला. पंधरा वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या अंधत्वाची भीती घालून काही साधत नाही. दूरच्या तोट्याचे मोल माणूस फार कमी धरतो, हे आमच्या शास्त्रातले साधे तत्त्व आहे. उलट साखर घसरल्याची थरथर आणि घाम त्याने कालच अनुभवलेला असतो, म्हणून तो साखर थोडी चढीच ठेवू पाहतो. मुलगी असेल तर लग्न ठरेपर्यंत आजार लपविला जातो आणि सासरी इन्सुलिन चोरून घेण्याची वेळ येते. शिक्षकबंधूंनी एवढे तरी जाणून घ्यावे की, वर्गात एकाएकी गळून गेलेला असा मुलगा आळशी नसतो. त्याला त्या क्षणी साखर हवी असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ सालीच अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाऊ नेण्याची मुभा दिली आहे.

आता खर्चाकडे वळू. साखर तपासण्याच्या एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात. दिवसाला चार पट्ट्या म्हणजे साठ ते ऐंशी रुपये, आणि इन्सुलिन व सुया वेगळ्या. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होती. साहजिकच पट्टीवर काट मारली जाते आणि मात्रा अंदाजाने ठरते. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो, आणि त्या रुग्णांत तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी चाचणी फसवी ठरू शकते. म्हणजे ज्याला रोजच्या पट्टीची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ती परवडत नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर मात्र शासन पुढे येते. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, राज्याच्या जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. हे आवश्यकच आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. तथापि, अखेरच्या टप्प्यावर वर्षानुवर्षे खर्च करणारी व्यवस्था पहिल्या दहा वर्षांच्या पट्ट्या कुटुंबाच्या खिशावर सोपवते, हा हिशेब कोणत्याही जमाखर्चात बसत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातील मधुमेहाची तपासणी तर तिशीपुढील लोकांसाठी आहे, त्यामुळे दहा वर्षांचे मूल त्या चाळणीत येतच नाही.

हे अशक्यप्राय आहे असेही नाही. केरळ सरकारने 'मिट्टायी', म्हणजे मिठाई, या नावाची योजना काढून अशा मुलांना इन्सुलिन व तपासणीची साधने पुरविली. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी उभारलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब मुलांना मोफत इन्सुलिन देण्याचे काम वर्षानुवर्षे केले. परंतु उमरखेड किंवा झरी-जामणीहून नागपूर गाठावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सोळाही तालुक्यांत आशा सेविका आहेत. इन्सुलिन घेणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलांची तालुकावार यादी त्यांच्या नेहमीच्या फेरीतच तयार होऊ शकेल. त्या यादीनुसार महिन्याच्या पट्ट्या ग्रामीण रुग्णालयातून देण्याची आणि वर्षातून एकदा डोळे, लघवी व पाय तपासण्याची तरतूद जिल्हा नियोजन समितीला करता येईल. पुढील आर्थिक वर्षाच्या आराखड्यावर चर्चा होईल तेव्हा आमदारांनी व पालकमंत्र्यांनी ही मागणी सभेपुढे ठेवावी.