खदानीतला चिखल आणि आपली पोरे

मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी बारानंतर बसवत नाही. पंखा असला तरी तो गरम वाराच फेकतो. आईबाप कामावर, शाळेला सुटी, नळाला पाणी आले तर पहाटे तासभर. अशा वेळी वस्तीतील दहा-बारा वर्षांची पोरे कुठे जातात हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी पोरगा घरी येतो तेव्हा त्याच्या कानामागे, केसांत आणि चड्डीच्या शिवणीत करड्या रंगाचा चिखल वाळलेला असतो. "कुठं गेला होतास?" "कुठं नाय, इथंच." आई पाठीत एक धपाटा घालते आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा पुन्हा खदानीवर.

कोणी खदान म्हणतात, कोणी दगडखाण, मुंबईकडे क्वारी म्हणतात. पुण्याजवळ वाघोली आणि मोशी, नवी मुंबईत पारसिकचा डोंगर, मुंबईत चांदिवली आणि कांदिवली, नागपूरकडे पाचगाव. आपल्या शहरांचे रस्ते, पूल आणि इमारती यांची खडी अशाच ठिकाणांहून निघाली. ती फोडणाऱ्यांत आपली माणसे होतीच. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढल्याची आठवण आजही अनेक घरांतील म्हातारी माणसे सांगतात. खदान चालू असते तोवर तळाचे पाणी पंपाने उपसले जाते. दगड संपला किंवा परवाना संपला की पंप बंद होतो, मालक यंत्रसामग्री घेऊन निघून जातो आणि दोन पावसाळ्यांत तिथे तलाव तयार होतो. काळ्या पाषाणातून पाणी फारसे झिरपत नाही, म्हणून भर उन्हाळ्यातही तो आटत नाही. काठाला खडी मशीनची भुकटी आणि डोंगरावरून वाहून आलेली माती साचते. तोच आपल्या पोरांचा चिखल.

या चिखलात काय आहे, असे मोठी माणसे रागाने विचारतात. पोरांच्या जागी उभे राहून पाहिले तर बरेच काही आहे. दगडाची भुकटी पाण्यात भिजली की मेंदीसारखी मऊ होते. उतारावर ती ओतून पोरे घसरगुंडी करतात आणि वरून बसल्या बसल्या थेट पाण्यात जातात. अंगभर चिखल लिंपून उन्हात उभे राहतात, तो वाळून तडकला की एकमेकांच्या पाठीवरची ढलपी काढतात. म्हशी डुंबतात तिथे म्हशींच्या पाठीवर चढतात. थंडावा मिळतो आणि पैसा लागत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसून रोज बोलणी खाणारा पोरगा इथे सगळ्यांत उंच कड्यावरून उडी मारतो आणि पाचपन्नास पोरांचा राजा होतो. हा मान त्याला दुसरीकडे कोण देतो? पोरींच्या वाट्याला हा खेळ कमी येतो. त्या धुण्याचे बोचके घेऊन आईबरोबर खदानीवर जातात आणि घोटाभर चिखलात पाय घालून तेवढ्यातच समाधान मानतात.

चिखल मुळात वाईट नाही. तालमीतले पैलवान ताक, हळद आणि तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीतच घडले. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या उघड्या-बोडक्या अंगणांत जंगलातील माती आणि हिरवळ पसरून लहान मुलांना २८ दिवस तिथे खेळू दिले गेले. तेव्हा त्यांच्या अंगावरील उपयुक्त जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तात प्रतिकारशक्ती सुधारल्याच्या खुणा दिसल्या, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. तेव्हा पोरगा मातीत लोळला म्हणून त्याला मारू नये. प्रश्न चिखलाचा नाही, तो चिखल ज्या खड्ड्यात आहे त्या खड्ड्याचा आहे.

आणि पोरे त्याच खड्ड्यात का जातात, हाही प्रश्न आहेच. गावाकडे पोरगा पोहायला शिकायचा तो विहिरीत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून बाप किंवा चुलता त्याला पाण्यात सोडायचा. पण ती विहीर कोणाची होती? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तिथे विहिरीत सूर मारण्याची गोष्टच सोडा. आणि हे सारे जुने झाले असेही नाही. २०१८ च्या जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातील वाकडी गावात विहिरीत पोहल्याच्या कारणावरून दलित समाजातील मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. शहरात विहीर नाही, महापालिकेचा पोहण्याचा तलाव असतो. तिथे शुल्क लागते, पोहण्याचा वेगळा पोशाख लागतो, बहुतेक ठिकाणी डॉक्टरचा दाखलाही लागतो. परिणाम असा की आपल्यापैकी कितीतरी घरांत पोहायला शिकवणारे माणूसच नाही. पोरगा शिकतो तो दुसऱ्या अर्ध्या शिकलेल्या पोराकडून, आणि तेही सगळ्यांत वाईट जागी.

वाईट का, ते नीट समजून घेऊ. नदीचा काठ उतरता असतो, पाय हळूहळू खोलात जातो. खदान पायऱ्या-पायऱ्यांनी खोदलेली असते आणि एकेक पायरी माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच असू शकते. पोरगा कमरेएवढ्या पाण्यात चिखल उडवीत चाललेला असतो, पुढच्या पावलाला तळ नसतो. मागे फिरून कडा पकडावी तर ती सरळ उभी आणि शेवाळलेली, बोटे ठरत नाहीत. पाणी स्वच्छ असले तर वेगळा धोका. वरून सरळ खाली पाहिले की पाणी खरे असते त्याच्या पाऊणपटच खोल दिसते. बारा फूट पाणी नऊ फुटांसारखे वाटते. पाणी गढूळ असले तर खालचा दगड दिसत नाही. त्यावर डोके आपटून मानेचे हाड मोडले की पोरगा वाचला तरी जन्मभर अंथरुणाला खिळू शकतो. शिवाय खोल खदानीत वरचे हातभर पाणी कोमट आणि त्याखालचे एकदम गार असते. उन्हात तापलेला पोरगा उडी मारतो, तेव्हा त्या गारठ्याने श्वास अडखळतो आणि नेमक्या त्याच क्षणी नाकातोंडात पाणी जाते.

आता चिखलाचे. नेदरलँडमधील शास्त्रज्ञांनी २००५ साली रेती, चिकणमाती आणि खारे पाणी यांच्या दलदलीवर प्रयोग केले. माणूस अशा दलदलीत पूर्ण गडप होत नाही, कारण त्याचे अंग त्या गाळापेक्षा हलके असते. तो साधारण कमरेपर्यंत जाऊन थांबतो. मात्र रुतलेला पाय झटक्यात ओढून काढायला एखादी मोटारगाडी उचलण्याइतके बळ लागते. भुकटीचा गाळही पाय असाच धरून ठेवतो. कोरड्या काठावर गुडघाभर रुतलेला पोरगा ओरडेल, कोणीतरी येऊन त्याला काढेल. तोच गाळ पाण्याखाली असेल आणि पाणी गळ्याएवढे असेल तर? पाय निघत नाही, धडपडीने आणखी खाली जातो आणि नाक पाण्याखाली. उत्तम पोहणाराही इथे हरतो. क्रश सँड म्हणजे दगडाची वाळू धुतात तिथले गाळाचे खड्डे तर आणखी फसवे. वर पपडी वाळलेली, पोरांना वाटते मैदान आहे. खाली सगळे पातळ.

पोरे मुरमाच्या कड्याच्या पायथ्याशी भुयारे खणून घर-घर खेळतात, तेही थांबवले पाहिजे. एक मीटर लांब, रुंद आणि उंच मातीचे वजन दीड टनाच्या आसपास भरते. ती अंगावर आली तर हाक मारायलाही सवड मिळत नाही. आणि सुरुंगाची न फुटलेली टोपी, वायर असलेली चकचकीत नळी, कधी सापडली तर तिला हात लावायचा नाही, दगडाने ठेचायची तर मुळीच नाही. हे पोरांना आजच सांगावे.

२०२२ च्या मे महिन्यात डोंबिवलीजवळ संदप येथील खदानीवर एकाच घरातील पाच जण बुडून गेले. गावात पाण्याची टंचाई, म्हणून बायामाणसे कपडे धुवायला मुलांना घेऊन खदानीवर गेली होती. एक मूल पाण्यात गेले, त्याला वाचवायला एकामागून एक सगळे गेले. या एका प्रकारात खदानीची बहुतेक सगळी गोष्ट आली. वर्तमानपत्रात "तीन मुले बुडाली", "बाप-लेक बुडाले" असे आपण वाचतो तेव्हा बहुधा पहिला पाय घसरून गेलेला असतो आणि बाकीचे मायेने गेलेले असतात. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात अडतीस हजारांहून अधिक माणसे बुडून मेली.

म्हणून माता-भगिनींनी आणि पोरांनीही एक गोष्ट पाठ करावी. बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही, वस्तू द्यायची. बुडणारा माणूस जीव घेऊन मिठी मारतो आणि वाचवणाऱ्याला खाली नेतो. सहावारी साडी म्हणजे अठरा फुटांचा दोर. काठावर आडवे पडून, मागून कोणाला तरी आपले पाय धरायला लावून, तिचे टोक फेकावे. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून फेकला तर त्याच्या आधाराने पोराचे तोंड पाण्याबाहेर राहते. धुण्याला जाताना बोचक्याबरोबर असा एक कॅन आणि दोरी नेण्यास काय हरकत आहे? गाळात अडकलेल्याला हाताला धरून उपटू नये. त्याने मागे रेलावे, हात पसरावे, पाय हळूहळू हलवीत राहावे म्हणजे पायाशी पाणी शिरते आणि पकड सुटते. बाहेरच्यांनी फळी नाहीतर पत्रा आडवा टाकावा.

वर काढलेल्या पोराला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर पोराला उताणे निजवावे, हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने हळू हवा भरावी. आधी पाच वेळा. मग छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर तीस वेळा दाबावे, पुन्हा दोनदा हवा भरावी, आणि मदत येईपर्यंत हे थांबवू नये. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ क्रमांकावर फोन लावावा. पोरगा शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.

चिखलातून आलेल्या पोराला आठ-पंधरा दिवसांत ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना "हा खदानीच्या पाण्यात खेळतो" हे आवर्जून सांगावे. उंदीर आणि जनावरांच्या मुतातून पाण्यात जाणारे लेप्टोचे जंतू पायावरच्या जखमेतून अंगात शिरतात. लवकर कळले तर गोळ्यांनी बरे होते. मार बसेल या भीतीने पोरगा खदानीचे नाव घेत नाही आणि डॉक्टर मलेरियाचे औषध देत बसतात.

नुसत्या बंदीने पोरे थांबणार नाहीत, हे आपण आपल्या लहानपणावरूनही जाणतो. वस्तीतील मोकळ्या जागेत, समाजमंदिराच्या मागे म्हणा, खडे-काचा वेचलेली एक ट्रॉली माती टाकून घोटाभर चिखल करता येतो. सुटीत आठवड्यातून एक दिवस, दोन मोठी माणसे देखरेखीला, आणि अंग धुवायला दोन पिंपे पाणी. त्या दिवशी पोरींनाही उतरू द्यावे. पोहणे शिकवण्यासाठी मंडळाने महापालिकेच्या तलावावर गटाने सवलत मागावी. नगरसेवक वर्गणी मागायला येतो त्याच वेळी ही मागणी त्याच्यासमोर ठेवावी.

आणि खदानीच्या मालकाला मोकळे सोडू नये. जी खदान सहा मीटरपेक्षा खोल होती किंवा जिथे सुरुंग वापरले गेले, तिला २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यातील सुरक्षिततेची सूट मिळत नव्हती. उघड्या खाणीच्या वरच्या कडेला कुंपण ठेवणे हे खाणवाल्याचे काम आहे, पोरांच्या आईबापांचे नव्हे. खदानीचा गट क्रमांक तलाठ्याकडून घ्यावा, कुंपण नसल्याचे फोटो काढावेत आणि वस्तीतील पंचवीस-तीस सह्यांचा अर्ज तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी या दोघांच्या नावे द्यावा. एक प्रत पोलीस ठाण्यातही द्यावी. अर्ज पावसाळ्याच्या आधी द्यावा, आणि आपल्याकडच्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.