कारवारची ‘चपळ’ : किनाऱ्यावर जतन केलेली युद्धनौका

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. परंतु या प्रदेशातून जाणारा एक रस्ता थेट समुद्राशी जाऊन थांबतो. बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, विजयपूर, हुबळी असा दक्षिणेकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ सह्याद्रीचा घाट ओलांडून अंकोल्याला संपतो. लातूरकरांना तो तुळजापुरातच मिळतो. अंकोल्याहून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेस वळले की सुमारे पस्तीस किलोमीटरवर कारवार येते. काळी नदीच्या मुखाजवळचे हे गाव कोकणी आणि मराठी भाषकांचे जुने केंद्र आहे. येथील रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर २००६ साली ‘आयएनएस चपळ’ ही निवृत्त युद्धनौका संग्रहालय म्हणून खुली झाली.

‘चपळ’ ही क्षेपणास्त्रवाहू वेगनौका होय. सोव्हिएत आरेखनाच्या ‘ओसा-२’ वर्गातील आठ नौका भारताने १९७६-७७ च्या सुमारास घेतल्या. प्रचंड, प्रलय, प्रताप, प्रबळ, चपळ, चमक, चराग आणि चातक अशी त्यांची नावे. नौकेची लांबी ३८.६ मीटर आणि रुंदी साडेसात मीटरहून किंचित अधिक आहे. युद्धसज्ज स्थितीतील विस्थापन सुमारे अडीचशे टन, म्हणजे विनाशिकेच्या तुलनेत ती अगदीच लहान. तीन शक्तिशाली डिझेल इंजिनांच्या बळावर ती ताशी सुमारे सत्तर किलोमीटर वेगाने धावू शके. दोन्ही बाजूंना बसवलेली चार लंबगोल नळकांडी हे तिचे मुख्य सामर्थ्य. प्रत्येकात एक स्टिक्स क्षेपणास्त्र असे. सुमारे चाळीस किलोमीटरच्या टप्प्यातील लक्ष्य रडारने हेरून ते सोडले जाई. प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात क्षेपणास्त्रातील स्वतःचे रडार जहाजाचा वेध घेई. पुढे आणि मागे असलेल्या ३० मिलिमीटरच्या जोडनळी तोफा विमानांपासून संरक्षणासाठी होत्या. तीसएक जणांच्या खलाशी दलाला एवढ्या यंत्रसामग्रीत उरणारी जागा किती अपुरी होती, हे आत शिरल्यावर कोणत्याही फलकावाचून कळते.

‘चपळ’ने १९७१ मध्ये कराचीवर हल्ला केला, असे अनेक प्रेक्षक समजतात. ते बरोबर नाही. त्या वेळी तिचा नौदलात प्रवेशच झाला नव्हता. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेल्या त्या ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या आधीच्या ‘ओसा-१’ वर्गातील नौका. ‘निर्घात’ने पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘वीर’ने ‘मुहाफिज’ ही सुरुंगनाशक नौका बुडवली. मोहिमेचे मर्म शस्त्रापेक्षा कल्पकतेत अधिक आहे. या नौका मूळच्या किनारारक्षणाच्या. पल्ला कमी, समुद्र खवळला की हाल. त्यांच्यासोबत ‘किलतान’ व ‘कच्छाल’ या पाणबुडीविरोधी नौका आणि तेलवाहू जहाज देऊन भारतीय नौदलाने बचावाचे साधन आक्रमणासाठी वापरले. चारच दिवसांनी ‘विनाश’ने दुसरा हल्ला केला आणि केमारीचे तेलसाठे पेटले. ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळला जातो, तो या मोहिमेच्या स्मरणार्थ. ‘चपळ’ ही त्या विजयी नौकांची धाकटी बहीण आहे, आणि हा मान तिला पुरेसा आहे.

नौकेशेजारी एका सैनिकाचा पुतळा आहे. तो नौसैनिकाचा नसून भूदलातील अभियंता राम राघोबा राणे यांचा आहे. २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिये गावी त्यांचा जन्म झाला. बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून दाखल झालेले राणे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. काश्मीरच्या युद्धात एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांच्या वाटेत शत्रूने सुरुंग पेरले होते आणि झाडे पाडून रस्ता अडवला होता. ८ तारखेला उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील दोघे ठार आणि पाच जण जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. तरीही ११ तारखेपर्यंत ते गोळीबारात सुरुंग काढत आणि अडथळे उडवत राहिले. शेवटच्या दिवशी त्यांनी चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा केला. परमवीरचक्र जिवंतपणी मिळवणारे ते पहिले सैनिक. शिपिंग कॉर्पोरेशनने एका तेलवाहू जहाजालाही त्यांचे नाव दिले होते. कारवारला जाऊन केवळ नौका पाहून परतणाऱ्यांनी या पुतळ्यापाशी अवश्य थांबावे, असे मला मनापासून वाटते.

अलीकडे येथे टुपोलेव्ह-१४२ हे दीर्घ पल्ल्याचे सागरी टेहळणी विमानही आणले गेले. ही विमाने १९८८ मध्ये प्रथम गोव्याच्या दाभोळी तळावर आली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली.

निवृत्त युद्धनौका जपण्याच्या तीन रीती दिसतात. पहिली, तिला पाण्यावरच ठेवणे. ती सर्वांत देखणी आणि सर्वांत खर्चिक, कारण खारे पाणी पोलाद अखंड खात असते. मुंबईची विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर अशीच संग्रहालय म्हणून राहिली, २०१२ मध्ये असुरक्षित ठरून बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्या पोलादातून घडवलेले स्मारक मुंबईत उभे आहे. पण ज्या जहाजावर मराठी मुलांनी विमाने उतरण्याचा डेक पाहिला असता, ते महाराष्ट्राने गमावले, ही हानी भरून येणारी नाही. दुसरी रीत जमिनीवर आणण्याची. ‘चपळ’ आणि विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ ही पाणबुडी या प्रकारातील. अमेरिकेतील अलाबामाच्या स्मारक उद्यानात ‘ड्रम’ ही पाणबुडीही अनेक वर्षे पाण्यावर ठेवल्यानंतर २००१ मध्ये अखेर किनाऱ्यावर घेतली गेली. तिसरी रीत नौका बुडवून सागरतळाशी संग्रहालय करण्याची. त्यासाठी १९८५ मध्ये पोलंडमध्ये नौदलात दाखल झालेली ‘गुलदार’ ही नौका फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सुपूर्द झाली. हे हस्तांतर कारवारच्याच नौदल तळावर झाले आणि नौकेसाठी सिंधुदुर्गातील निवतीजवळचा समुद्र निवडला गेला.