शासन निर्णय, नियम आणि अधिनियम : विधेयकाचा कायदा कसा होतो?

१. प्रास्ताविक

‘जीआर निघाला’, ‘अधिसूचना आली’, ‘कायदा झाला’ ही तीन वाक्ये आपण बोलताना पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. शासनव्यवहारात मात्र ती तीन भिन्न कृतींची नावे आहेत. त्यांचे कर्ते वेगळे आहेत आणि त्यांचे बळही सारखे नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यास नागरिकाला आपल्या पदरात नेमके काय पडले हे कळत नाही. प्रस्तुत घटकात आपण हा भेद जालना जिल्ह्यातील एका परिचित उदाहरणाच्या आधारे समजून घेऊ.

२. एक मागणी, तीन दस्तऐवज

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. मराठवाड्यातील मराठा समाजाला कुणबी जातीची प्रमाणपत्रे मिळावीत, ही त्यातील प्रमुख मागणी होती. त्यानंतरच्या सहा महिन्यांत शासनाकडून तीन प्रकारचे दस्तऐवज निघाले.

(अ) ७ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय. निजामकालीन नोंदी तपासून प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी त्याद्वारे समिती नेमण्यात आली.
(आ) २६ जानेवारी २०२४ ची अधिसूचना. जातप्रमाणपत्रविषयक नियमांत ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या घालण्याचा मसुदा तिने प्रसिद्ध केला.
(इ) २० फेब्रुवारी २०२४ रोजी विशेष अधिवेशनात संमत झालेले विधेयक. मराठा समाजाला शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत १० टक्के आरक्षण देण्याची तरतूद त्यात होती.

यांपैकी पहिले दोन दस्तऐवज मंत्रालयातून निघाले. विधिमंडळात मांडला गेला तो केवळ तिसरा.

३. विधेयकाचा प्रवास

‘विधेय’ ही संज्ञा तुम्हाला व्याकरणातून परिचित आहे. तिचा मूळ अर्थ ‘विधान करावयाचे ते’ असा आहे. म्हणजेच ‘विधेयक’ या नावातच अपूर्णता आहे. जे अद्याप व्हावयाचे आहे, ते विधेयक.

शासकीय विधेयकाची सुरुवात संबंधित विभागात होते. विधी व न्याय विभाग त्याचा मसुदा तपासतो, मंत्रिमंडळ त्यास मान्यता देते आणि मंत्री ते सभागृहात मांडतात. विधेयकासोबत ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडलेले असते. हा कायदा का हवा, याचे शासनाने दिलेले उत्तर तेथे वाचावयास मिळते.

सभागृहात विधेयकाची तीन वाचने होतात. पहिल्या वाचनात विधेयक मांडले जाते. दुसऱ्या वाचनात आधी त्यामागील तत्त्वावर चर्चा होते व नंतर त्याचा खंडशः विचार होतो. या टप्प्यावर सदस्य सुधारणा सुचवू शकतात, तसेच विधेयक प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठविता येते. शब्द बदलण्याची खरी संधी येथेच असते. तिसऱ्या वाचनात समग्र विधेयक मतास टाकले जाते.

महाराष्ट्राचे विधिमंडळ द्विसदनी आहे. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. विधानसभेने संमत केलेले विधेयक परिषदेने फेटाळले, विधानसभेस अमान्य असलेल्या सुधारणांसह संमत केले किंवा तीन महिने रोखून धरले, तर विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. दुसऱ्या वेळी परिषदेला केवळ एक महिना मिळतो. संसदेप्रमाणे येथे संयुक्त बैठकीची सोय नाही. अंतिम शब्द विधानसभेचाच असतो. धनविधेयकाबाबत तर परिषदेला १४ दिवसांत शिफारशी करण्यापुरताच अधिकार आहे.

त्यानंतर विधेयक राज्यपालांकडे जाते. संविधानाच्या अनुच्छेद २०० नुसार राज्यपाल अनुमती देतात, अनुमती रोखून ठेवतात किंवा विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. धनविधेयक नसल्यास ते फेरविचारासाठी परतही पाठविता येते. मात्र विधिमंडळाने ते पुन्हा संमत केल्यास अनुमती रोखता येत नाही. अनुमतीनंतर ते राजपत्रात प्रसिद्ध होते. आता ‘विधेयक’ हे ‘अधिनियम’ होते आणि त्यातील ‘खंड’ यापुढे ‘कलम’ म्हणून ओळखला जातो.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी हा सभागृहांतील प्रवास एका दिवसात पूर्ण झाला. दोन्ही सभागृहांनी विधेयक एकमताने संमत केले आणि त्याच महिन्यात त्याचा अधिनियम झाला. यापूर्वीचे १६ टक्के आरक्षणाचे विधेयकही २९ नोव्हेंबर २०१८ रोजी दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी संमत झाले होते. तो अधिनियम मुंबई उच्च न्यायालयात टक्केवारी घटवून टिकला. परंतु ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आरक्षण रद्द ठरविले. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती न्यायालयास आढळली नाही. एकमताने संमत झालेला कायदाही संविधानाच्या कसोटीस उतरावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

४. नियम आणि एका शब्दाचे वजन

‘अधि’ या उपसर्गाचा एक अर्थ ‘वर’ असा आहे. अधिनियम हा नियमाच्या वर असतो, ही श्रेणी या नावांवरूनही लक्षात ठेवता येईल. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात शासन नियम करते. त्या अधिकाराबाहेर नियमाला जाता येत नाही. शासन निर्णय हा तर प्रशासनाचा आदेश असतो. तो अधिनियमाशी किंवा नियमाशी विसंगत असून चालत नाही.

जातप्रमाणपत्रांविषयीचा अधिनियम सन २००० चा असून त्याखालील नियम २०१२ चे आहेत. ‘सगेसोयरे’ हा शब्द या नियमांत यावयाचा होता. बोलीत ‘सगे’ म्हणजे रक्ताचे आणि ‘सोयरे’ म्हणजे लग्नसंबंधाने जोडलेले आप्त. या शब्दाची कड बोलणाऱ्यागणिक सैल होते. नियमाला मात्र असा सैल शब्द चालत नाही. कारण कोणाचा अर्ज मंजूर करावयाचा व कोणाचा नाही, हे अधिकाऱ्याने त्यावरून ठरवावयाचे असते. म्हणून मसुद्यात वडील, आजोबा, पणजोबा व त्यापूर्वीच्या पिढ्यांत सजातीय विवाहांतून निर्माण झालेले नातेवाईक, अशी चौकट आखण्यात आली आणि १६ फेब्रुवारी २०२४ पर्यंत हरकती मागविण्यात आल्या.

या एका शब्दाच्या कडेवर दोन्ही बाजूंच्या माणसांचे भवितव्य तोलले जात होते. अंतरवाली सराटीत त्याच्या अंमलबजावणीची मागणी होत होती, तर जून २०२४ मध्ये त्याच अंबड तालुक्यातील वडीगोद्री येथे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणास धक्का लागू नये यासाठी उपोषण झाले. एकाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न दुसऱ्याला आपल्या जागेचा प्रश्न वाटत होता. दोघांनीही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की प्रसिद्ध झालेला मसुदा हा मसुदाच असतो. हरकतींचा विचार होऊन अंतिम अधिसूचना निघेपर्यंत त्याने कोणाला हक्क मिळत नाही आणि कोणाचा हक्क जातही नाही.

५. समारोप

महाराष्ट्राच्या अधिनियमांचा मराठी पाठ हा अनुवाद नव्हे. अनुच्छेद ३४८ (३) नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध होतो तो इंग्रजी अनुवाद. कायद्याची मराठी बोजड वाटली तरी ती आपल्या भाषेतील मूळ संहिता आहे. ती वाचण्याचा अधिकार आणि क्षमता मराठीच्या विद्यार्थ्याकडे आहे. यापुढे एखादा शासकीय कागद हाती आल्यास तीन प्रश्न विचारा : हा कोणी काढला? कोणत्या अधिकारात काढला? तो अंतिम आहे की मसुदा? गावातील चार माणसांना ही उत्तरे समजावून सांगता आली, तर या घटकाचा हेतू सफल झाला असे समजावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘खंड’ आणि ‘कलम’ यांतील भेद विधेयकाच्या प्रवासाच्या आधारे स्पष्ट करा.
२. विधानसभा व विधान परिषद यांच्या अधिकारांतील फरक सांगा.
३. बोलीतील एखादा नातेवाचक शब्द निवडा आणि नियमात वापरता येईल अशी त्याची व्याख्या तयार करा.