कुड्याची साल

मेघदूतातील यक्षाने आषाढमेघाचे स्वागत कुटजाच्या ताज्या फुलांनी केले, हे काव्यप्रेमी वाचकांस ठाऊकच आहे. कोकणातील गृहिणीला तोच वृक्ष पांढरा कुडा म्हणून परिचित असून ती त्याच्या फुलांची भाजी करते. वैद्यांना मात्र त्याच्या सालीचे महत्त्व अधिक. आव आणि अतिसार ह्यांवर ती शतकानुशतके दिली जात आहे. कुटजारिष्ट व कुटजघनवटी ही औषधे तिच्यापासूनच होतात.

ह्या ख्यातीत तथ्य किती? १८५८ साली हेन्स ह्या संशोधकाने सालीतून कोनेसीन नावाचे अल्कलॉइड वेगळे काढले. पुढे १९२७ च्या सुमारास कलकत्त्यास रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याच्या गुणधर्मांचा कसून अभ्यास केला. आवेच्या अमीबावर ते परिणामकारक ठरले. परंतु निद्रानाश, मनःक्षोभ असे दुष्परिणामही दिसले, आणि १९६० नंतरच्या दशकात मेट्रोनिडाझोल हाती आल्यावर ते मागे पडले.

तथापि सालीची कहाणी तेथे संपली नाही. जंतू पेरलेल्या बशीत तिचा अर्क ठेवला असता त्याभोवती जंतुरहित वलय उमटते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. त्याहून कुतूहलाची गोष्ट २०१७ साली थायलंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केली. सूडोमोनास हा चिवट जंतू पेशीत शिरलेले औषध जणू पंपाने उपसून बाहेर टाकतो; कोनेसीन त्या पंपालाच अटकाव करते व निष्प्रभ झालेली प्रतिजैविके पुन्हा लागू पडू लागतात. अर्थात प्रयोगशाळेतील बशी म्हणजे रुग्णाचे आतडे नव्हे. घरात मुलाला जुलाब होत असतील तर साल उगाळीत बसू नये. प्रथम जलसंजीवनी द्यावी व रक्त पडत असल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

खरी अडचण निराळीच आहे. काळा कुडा हा दिसण्यात जवळचा, पण वेगळा वृक्ष. त्याची साल पांढऱ्या कुड्याची म्हणून खपविली जाते, आणि रुग्णाला गुण आला नाही की दोष औषधाच्या माथी बसतो! रानात ओळख सोपी आहे: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या, तर पांढऱ्याच्या सुट्या असतात. बाजारातील सालीच्या तुकड्यांना शेंगा कोठून असणार? तेथे जिभेचीच साक्ष घ्यावी लागते. पांढऱ्या कुड्याची साल अत्यंत कडू, काळ्याची तशी नसते. साल दळून चूर्णात मिसळली गेली, की मग जिभेचाही इलाज चालत नाही.