तीस संगणक, एकच प्रत

शाळेच्या संगणक कक्षातल्या ३० यंत्रांवर विंडोज किंवा उबंटू चढवायचे म्हणजे तेच काम ३० वेळा, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात एकच संगणक नीट तयार करतात आणि त्याची डिस्क इमेज (कार्यप्रणाली, सॉफ्टवेअर, सेटिंगसह अख्ख्या डिस्कची नक्कल) सर्व्हरवर ठेवतात.

मग २० जीबीची इमेज ३० जागी, म्हणजे ६०० जीबीची वाहतूक? नाही. मल्टिकास्टमध्ये (एकाच प्रवाहातून अनेकांना पाठवणे) सर्व्हर ती एकदाच सोडतो. लाउडस्पीकरवरची सूचना सगळे वर्ग एकदम ऐकतात, तसे. अर्थात, एखादे रडतखडत चालणारे यंत्र सगळ्यांनाच मागे खेचते, आणि वायफायवर तर हा खटाटोप करूच नये.

या कामासाठी क्लोनझिला, फॉग ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. विंडोज असेल, तर इमेज घेण्याआधी सिसप्रेप (यंत्राची स्वतंत्र ओळख पुसणारे साधन) चालवायला विसरू नये.